आवाजाविना वीस मिनिटे

२ फेब्रुवारी, सोमवार

प्रवेश मिळाला. 'हा अभ्यासक्रम का निवडला?' या रकान्यात मी लिहिले होते — नात बोलत नाही. संगणकाने अर्ज परत धाडला. म्हणे, किमान पन्नास शब्द हवेत. जे तीन शब्दांत मावते ते पन्नासांत पसरायचे म्हणजे निव्वळ पाणी घालणे. घातले.

महाविद्यालय घरबसल्या शिकवते. विषय — बालसंगोपन व पालकत्व. वयाची अट नाही, हे आधी पाहून घेतले.

कारण असे. ठकी येत्या उन्हाळ्यात तीन वर्षांची होईल. तिच्याजवळ शब्द आहेत ते 'आबा', 'दे' आणि 'नको'. शनिवारी खेळवर्गाच्या बाईंनी सुनेला दारातच थांबवले. "हाक मारली तरी ढिम्म हो ही! घरी कोणी बोलतं की नाही तिच्याशी?"

जेवताना सुनेने ताट पुढे सारले आणि म्हणाली, "मी नोकरी सोडते."

मुलगा म्हणाला, "तू सोडून काय होणार?"

"मग कोणी सोडायची? तू सोडतोस?"

यावर तो पाणी प्यायला.

माझे मत मी बोलून दाखवले नाही. सून घरी येते ती हातात फोन घेऊन. बोलते तेही अर्धे एका भाषेत, अर्धे दुसऱ्या. अशा बोलण्यातून पोराने उचलायचे काय? परंतु मत हा पुरावा नव्हे. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढली. मजकुरात चूक असली तर चालते. ती कोठे आहे हे न कळणे चालत नाही. म्हणून रीतसर शिकायचे ठरवले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला वर्ग. पडद्यावर लहान लहान चौकटींत चेहरे. बहुतेक मुली — पाळणाघरात काम करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्या. एक तरुण आहे, त्याच्या बायकोचे दिवस भरत आले आहेत. सगळे त्याला 'होणारे बाबा' म्हणतात. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, शांत. बोलतात मात्र तोंडातल्या तोंडात. हल्ली सर्वांनाच ही खोड लागली आहे.

मी स्वतःची ओळख करून दिली. चार-पाच चेहऱ्यांनी एकदम कानांवर हात नेले. होणारे बाबा म्हणाले, "काका, माइक जरा लांब ठेवा, आमची भिंत हलली." हशा झाला. आवाज बंद करण्याचे बटण कोठे असते ते त्यानेच दाखवले. तेव्हापासून बटण दाबूनच ठेवले आहे. विचारले तरच बोलेन.

पाठ पहिला, पृष्ठ दोन — एकाच परिच्छेदात ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका. दुरुस्त्या बाईंना पाठवल्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंचे उत्तर — "दुरुस्त्यांबद्दल मनापासून आभार. पाठ कसा वाटला?"

पाठ वाचायचा राहिलाच होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

पाठ चांगला आहे. मुलाशी बोलताना त्याच्या उंचीवर या, चेहरा दिसू द्या, वाक्य पुरे करा. हे मी प्रथमपासूनच करीत आलो आहे. ठकीसमोर पाटावर बसतो, प्रत्येक अक्षर सुटे उच्चारतो. "ठके, तो लाल ठोकळा मला आणून दे." आणते. सुनेने सांगितले तर आणत नाही, मुलाने सांगितले तर वळूनही पाहत नाही. यावरून जो निष्कर्ष निघतो तो मी अजून कोणास सांगितलेला नाही.

दारावरची घंटा पुन्हा बिघडली आहे. पार्सलवाला चिठ्ठी लावून गेला — 'खूप वेळ वाजवली.' इलेक्ट्रिशियन येऊन गेला, त्याचे हे दुसरे येणे. बटण दाबून म्हणतो, "आजोबा, घंटा ठीक आहे." त्याच्याकडून पुन्हा काम करून घेणे नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सुनेने एक कागद आणून दिला. "बाबा, जरा तपासून द्या ना. सोमवारी द्यायचाय."

राजीनामा. बारा ओळी. 'कौटुंबिक कारणास्तव'. अक्षर नेहमीचे नाही, ओळी खाली उतरत गेल्या आहेत. ती उभीच होती. म्हणाली, "सगळे म्हणतात, आईने वेळ दिला की मुलं बोलतात. देऊन बघते."

"काम आवडते ना तुला?"

"आवडण्याचं काय आता."

कागद टेबलाच्या खणात ठेवला. सवडीने बघतो म्हणालो. सवडच आहे मला दिवसभर. हे तिलाही ठाऊक आहे. तिने विचारले नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

पहिला गृहपाठ — बालनिरीक्षण. मूल खेळत असता वीस मिनिटांचे चित्रण करून पाठवायचे. मोठ्या माणसाने सूचना द्यायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, शाबासकीसुद्धा द्यायची नाही. केवळ जवळ बसायचे.

संगणक कपाटावर ठेवला. ठकी जमिनीवर डब्यांची झाकणे रचीत होती. दोन मिनिटे गप्प बसलो. मग तिने मोठे झाकण लहानावर ठेवू पाहिले आणि मला राहवले नाही. पुढचे सांगण्यासारखे नाही. पडदा ओढायला खिडकीशी गेलो तेव्हाही बोलतच होतो. येताना धक्का लागून बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावरून खाली पडला.

नापास होणार.

सुनेचा कागद तपासून झालेला नाही. उद्याचा सोमवार टळला. ठरल्या वेळी मुद्रित परत न देण्याची ही माझी पहिलीच वेळ.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पाठवलेले चित्रण आज उघडून पाहिले. त्याला आवाजच नाही! वर्गात दाबलेले माइकचे बटण तसेच राहिले होते. पडद्यावर एक म्हातारा आणि एक पोर, दोघेही मुके. म्हाताऱ्याने वीस मिनिटे मौन पाळले असे कोणासही वाटावे.

हे गुण मला नकोत. बाईंना कळवले — 'चित्रणात आवाज उतरलेला नाही. प्रत्यक्षात मी अखंड बोलत होतो. कृपया त्यानुसार गुण द्यावेत.'

१८ फेब्रुवारी, बुधवार

बाईंचा फोन आला. लाइन खराब, दोनदा, तीनदा विचारावे लागले.

"काका, तुम्ही बोलत होता ते दिसलंच की. ओठ हलतायत तुमचे. गुण कमीच मिळणार आहेत, ते सोडा. मी दुसऱ्याच गोष्टीसाठी फोन केलाय. डबा पडला तेव्हा तुम्ही दचकलात?"

"दचकलो."

"आणि नात?"

मी संगणक उघडू लागलो.

"परत बघा. आवाज नाहीये ते बरंच झालं. नुसतं तिच्याकडे बघा."

पाहिले. म्हाताऱ्याकडे न पाहता फक्त पोरीकडे. मी समोर आहे तोवर तिची नजर माझ्या ओठांवर खिळलेली. डोळ्यांकडे नव्हे — ओठांवर. मी खिडकीकडे वळतो, तोंड चालूच, आणि ती आपल्या झाकणांत परत जाते. जणू मी खोलीतून निघून गेलो. मग तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, तो डबा पडतो. माझे खांदे उडतात. ठकी एक झाकण उचलते आणि दुसऱ्यावर नीट बसवते.

पुढे पाहवले नाही. उठून बाहेरच्या खोलीत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्यामागे उभा राहिलो आणि नेहमीपेक्षा हळू म्हणालो, "ठके."

पुन्हा म्हणालो.

मग पुढे जाऊन बसलो. माझा चेहरा दिसताच ती हसली. "आबा."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मुलाला आणि सुनेला चित्रण दाखवले. सून पर्स घेऊन उठली. दवाखाना बंद झाला असेल हे तिला दारापाशी आठवले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कानाच्या दवाखान्यात काचेची खोली आहे. आत सून, तिच्या मांडीवर ठकी, ठकीच्या हातात मणी. आवाज आला की मणी वाटीत टाकायचा. बाहेर तपासणारी मुलगी बटणे फिरवत होती. मणी हातातच. ठकी वाट पाहत होती. अतिशय शहाण्यासारखी, हात वाटीवर धरून, वाट पाहत होती. मुलगा उभ्याउभ्या नखे खात होता. त्याची ही सवय मोडली होती अशी माझी समजूत.

बऱ्याच वेळाने एक मणी पडला. मग एक.

तपासणाऱ्या मुलीने मला विचारले, "घरी ती कोणाचं ऐकते?"

"माझे," मी म्हणालो.

"बरोबर आहे. तुम्ही समोर बसून, सावकाश आणि मोठ्याने बोलता. तुमचंच तेवढं पोचत असणार तिच्यापर्यंत. आजोबा, तुम्ही काम कुठे करत होता?"

"छापखान्यात. यंत्रांच्या शेजारीच आमची टेबले."

"वाटलंच मला."

माझ्या भाषेवरून तिने ओळखले असावे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांनी आज सर्व समजावून सांगितले. कागदावर कान काढला. चित्र सुमार, वाक्ये नेटकी. नस उत्तम आहे. पडद्यामागे पाणी साचून चिकट झाले आहे, बऱ्याच महिन्यांपासून. "स्विमिंग पूलमध्ये बुडी मारून ऐकल्यासारखं ऐकते ती. छोटं ऑपरेशन. पाणी काढायचं, पडद्यात बारीक नळी बसवायची. संध्याकाळी घरी."

सुनेने विचारले, "पण हे झालं कोणामुळे?"

"कोणामुळे म्हणजे?"

"म्हणजे... माझं काही चुकलं का? मी दिवसभर घरी नसते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "अहो बाई, सर्दीमुळे झालं."

सर्दीमुळे. सून प्रथम हसली, मग रडली, मग मुलाने तिला जो रुमाल दिला तो इतका मळका होता की ती पुन्हा हसली. बाहेर येऊन आम्ही तिघे पायऱ्यांवर बसलो. ठकी मधल्या कठड्यावरून घसरत होती. तीन आठवड्यांत असा हलका श्वास घरातल्या कोणी घेतला नव्हता.

फोन नव्हे. भाषांची सरमिसळ नव्हे. माझा निष्कर्ष सपशेल चुकला. आपण चुकलो हे इतक्या आनंदाने मी यापूर्वी कधीही लिहिलेले नाही.

रात्री खणातून सुनेचा कागद काढला. पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत लाल रेघ ओढली आणि समासात मजकूर वगळण्याची खूण केली. तिच्या ताटाशेजारी ठेवला.

"बाबा, एवढ्या चुका?"

"एकच होती. बारा ओळींची."

५ मार्च, गुरुवार

ऑपरेशन झाले. नीट झाले. ठकी घरी, झोपली आहे. मीही झोपतो.

७ मार्च, शनिवार

नळ सोडला की ती धावत जाऊन पाहते. मिक्सर लावला तर पलंगाखाली शिरते. काल स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून थांबली, मागे पाहिले, पुन्हा चालली, पुन्हा थांबली. सून म्हणाली, "आता हिला घर केवढं वाटत असेल!"

मी पुस्तकाचे पान उलटले. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती, तरी तिने मान वळवली. मला नवल वाटले. पान उलटताना आवाज होतो हे माझ्या लक्षातूनच गेले होते.

१२ मार्च, गुरुवार

वर्गात बाईंनी मला बोलायला सांगितले. बटण सोडले, माइक हातभर लांब धरला. ठकीची हकीकत सांगितली. गुण दहापैकी चार आहेत हेही सांगितले. होणारे बाबा गेल्या आठवड्यापासून झालेले बाबा आहेत. बाळ खांद्यावर घेऊनच बसले होते. माझे बोलणे सुरू होताच बाळ रडू लागले. सगळे हसले. मीही हसलो.

ठकीचे नवे शब्द — 'पाणी', 'आई', 'चल'. 'आई' म्हणते ती सून दुसऱ्या खोलीत असताना. सून प्रत्येक वेळी हातातले टाकून जाते. आज दूध उतू गेले. पुसताना ती गुणगुणत होती असे मुलगा म्हणतो.

घरात एक तक्रार आहे. मी समोर बसून सांगू लागलो की ठकी दोन्ही हातांनी कान झाकते आणि म्हणते, "आबा, नको." सून म्हणते, "बाबा, जरा हळू." मी नेहमीच्याच आवाजात बोलतो.

१६ मार्च, सोमवार

दुपारी वाचीत बसलो होतो. ठकीने माझे बोट धरले आणि ओढीत दारापाशी नेले. "टिंग," म्हणाली.

मी खाली बसून समजावले — ठके, ती घंटा बिघडलेली आहे.

"टिंग, आबा. टिंग."

दार उघडले. बाहेर सून, बोट अजून बटणावर. "बाबा, किती वेळ वाजवतेय! किल्ली विसरले मी."

इलेक्ट्रिशियनला फोन करून क्षमा मागितली. त्यानंतर दवाखान्यात फोन केला. बुधवारी सकाळची वेळ मिळाली आहे. ठकीला बरोबर नेणार. या वेळी काचेच्या आत मी बसायचे.