नव्या पद्धतीची चांदमारी

लातूर,
१२ मे १९८६

प्रिय विरूपाक्ष,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडखळलं, पण पत्राची रीत कशाला मोडा, म्हणून लिहिलं. नांदेड सोडल्यापासून तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. परवा नेमबाजीची स्पर्धा संपल्यावर तू माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेलास. राग आला असेल. यायलाच हवा, मी त्यासाठीच तर आलो होतो. म्हटलं, निवांत बसून तुला सगळं सांगावं. अर्धवट माहितीवर माणसाला नीट रागावतासुद्धा येत नाही.

आधी आमच्याकडची हालहवाल ऐक. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली, तरी निम्मी ऑफिसं अजून भाड्याच्या खोल्यांत आहेत. पाटी तेवढी नवी, बाकी खुर्च्या-टेबलं सगळी उसनी. पाण्याचं तर विचारूच नकोस. टँकर आला की तुझी वहिनी, सुमन, घागरी घेऊन पळते आणि मी दारात दिसलो की गल्लीतल्या बायका मलाच पुढे करतात, "जमादार, तुमी हुबं ऱ्हावा, तुमी हाय तर रांग सरळ ऱ्हाती." मी जमादार नाही, अजून साधा शिपाईच आहे, हे त्यांना मी सांगत नाही. जमादार तू झालास.

कसा झालास, ते तू विसरला असशील. मी विसरलेलो नाही. नांदेडच्या पोलीस नेमबाजी टीममध्ये आपण दोघं एकमेकांशेजारी उभे राहायचो. सरावातलं एक जिवंत काडतूस तू खिशात घातलंस, होणाऱ्या मेहुण्यापुढे मिरवायला. मोजणीत एक कमी भरलं. साहेबांनी विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालास की शेवटची पेटी भीमाच्या हातात होती. यात खोटं काहीच नव्हतं, नाही का? साहेबांच्या माणसांनी लगेच माझ्या घरी येऊन ट्रंक उघडली. बाबासाहेबांची तसबीर काढून जमिनीवर ठेवली, सुमनची लुगडी झटकून पाहिली. पोलीस लाइनीत एवढी घरं असताना पहिली ट्रंक माझीच का उघडली, हे तुलाही कळत होतं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर तू माझा हात धरलास. काडतूस गोदावरीत टाकलं म्हणालास. "भीम्या, शिवकन्येचं लगीन तेवढं होऊ दे. मग मीच साहेबाला सांगतो." तुझी ही बहीण मला दादा म्हणायची. मी गप्प बसलो, उदगीरला येऊन तिच्या मांडवाचे खांबही रोवले. लग्न झालं, पुढे बारशाचं बोलावणंही आलं. साहेबांकडे मात्र तुझं जाणं काही झालं नाही. माझी वेतनवाढ थांबली, टीममधून नाव गेलं आणि जिथं कुणी यायला तयार नव्हतं त्या या नव्या जिल्ह्यात माझी बदली झाली. कागदोपत्री मी आजही काडतूसचोर आहे, विरूपाक्ष.

गेल्या वर्षी आमच्याकडे नवे साहेब आले. हाडाचे नेमबाज. लातूरला चांदमारीचं मैदान नव्हतं, पण दुष्काळानं गावाबाहेरचं तळं पार कोरडं केलं होतं. साहेबांनी तिथंच, तळाच्या भेगाळलेल्या मातीत, डांबराचे रिकामे ड्रम आणि लोखंडी पत्रे उभे केले. ते कुठल्याशा प्रशिक्षणातून नवी पद्धत शिकून आले होते. एका जागी उभं राहून एका हातानं नेम धरायचा नाही. पळायचं, ड्रमाआड बसायचं, दोन्ही हातांनी सहाबारी रिव्हॉल्वर धरायची, पत्रे पाडायचे, पुन्हा भरायची, पुन्हा पळायचं. आणि हे सगळं घड्याळ चालू असताना.

माझी काय फजिती झाली म्हणून सांगू! डावा हात आपोआप कमरेच्या पट्ट्यात जाऊन बसायचा, आपल्याला शिकवला होता तसा. त्याहून वाईट म्हणजे सहा गोळ्या झाल्या की काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मी तळहातावर काढायचो, मोजून परत द्यायला खिशात घालायचो आणि वर खिशाचं बटणही लावायचो. साहेब ओरडले, "अरे, समोरचा तुझ्यावर गोळ्या झाडतोय आणि तू सामान कसलं आवरतोस? टाक खाली!" खाली टाकायच्या? ज्याला मोजणीनं आयुष्यातून उठवलं, त्यानं पुंगळ्या मातीत टाकायच्या? पहिल्यांदा टाकल्या त्या दिवशी सराव संपल्यावर मी एकटाच त्या वेचत बसलो, खोटं कशाला सांगू.

मग मी हट्टालाच पेटलो. घरी ज्वारीच्या वाळक्या धाटाचे बोटाएवढे तुकडे करून मुठीत घ्यायचे आणि न बघता सोडून द्यायचे, एवढाच उद्योग. सुमन केर काढून वैतागली. एकदा केरसुणी टेकवून म्हणाली, "आवो, कुणावर नेम धरून राहिलात एवढा?" मी पुढचा तुकडा सोडला. उत्तर तिला माहीत होतं. यंदाच्या स्पर्धा नांदेडला आहेत, ही बातमी तिनंही ऐकली होती.

आता परवाचं. सकाळी जुन्या पद्धतीत तू पहिला आलास. काय उभा राहतोस रे अजून! छाती भरून आली माझी, आणि त्याच वेळी तुझा गळा धरावासाही वाटला. दुपारच्या आधी तू आपण होऊन माझ्याजवळ आलास आणि काहीच घडलं नसल्यासारखं विचारलंस की नव्या पद्धतीत विशेष काय असतं. मी म्हणालो, काही नाही, नेम तोच. यातही खोटं काहीच नव्हतं. ही उत्तर द्यायची तऱ्हा मी तुझ्याकडूनच शिकलो.

आणि मग तू उतरलास. सहा गोळ्यांत सहा पत्रे पाडलेस. मग शांतपणे पुंगळ्या तळहातावर काढल्यास, खिशात घातल्यास, बटण लावलंस. पुन्हा सहा, पुन्हा खिसा, पुन्हा बटण. घड्याळ पळत होतं आणि साऱ्या जिल्ह्यांची पोरं पोट धरून हसत होती. त्या हसण्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. तू वळून पाहिलंस, तेव्हा मी मुद्दाम तोंड लपवलं नाही. मला पहिलं बक्षीस मिळालं, पण पितळी कपापेक्षा तुझा तो चेहराच मी जास्त जपून घरी आणला.

तुला वाटलं असेल, झालं, फिटलं. नाही रे. साहेबांनी काल बोलावलं होतं. राज्याच्या स्पर्धेत या पद्धतीचा जोडीचाही प्रकार आहे. एकानं पुढच्या ड्रमापर्यंत पळायचं आणि तो पोहोचेपर्यंत दुसऱ्यानं मागून, त्याच्या अंगाशेजारून, गोळ्या चालवत राहायच्या. जोडीदार कोणत्याही जिल्ह्यातला घे म्हणाले. मी तुझं नाव दिलं. हुकूम याच आठवड्यात तुझ्या हातात पडेल, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. पुढे तू पळायचंस. घाबरू नकोस, माझा नेम तू जाणतोस, तुझ्या सदऱ्यालाही काही लागणार नाही. पण सरावाला रोज सकाळी पाठ माझ्याकडे करून तुला पळावं लागेल आणि मागे कोण उभं आहे, हे रोज आठवेल. यायचं नसेल तर साहेबांना लेखी कारण द्यावं लागतं. भीमाच्या पुढे पळायची भीती वाटते, असं लिही. का वाटते, ते साहेब विचारतीलच, आणि तेव्हा शिवकन्येचं लग्न मध्ये घालता येणार नाही. पळ नाहीतर सांग. मला दोन्ही चालेल.

तुझाच जोडीदार,
भीमा