दादाच्या जागेवरचा कॉम्प्युटर

दि. १४ नोव्हेंबर

तीर्थरूप वहिनीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. छोटीचा पाय बरा झाला हे वाचून जिवात जीव आला. झाडावर चढायची खोड बापाची, दुसरं काय! मी ठीक आहे. तुम्ही पुन्हा तेच विचारलंय, दादा शेवटचं कुणाशी बोलला. त्यावर येतो. आधी ऑफिसातली भानगड ऐका.

दादाच्या जागेवर नकाशे काढायला नवी मुलगी आली आहे, तोंडाची फटकळ. सोमवारपासून तिचा कॉम्प्युटर दर पाच-दहा मिनिटांनी नेटवर्कवरून तुटत होता. मी वायर बदलली, भिंतीतलं सॉकेट बदललं, मशीन चारदा बंद-चालू केलं.

"काका, आता फक्त मला बदलायचं राहिलंय," ती म्हणाली. सगळे हसले, मीही हसलो.

काल तिची वायर उपटली आणि शेजारच्या मशीनवरून तिच्या नंबराला हाक मारली. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला एक नंबर असतो. त्या नंबराला हाक मारली की चालू असलेलं मशीन ओ देतं. तिची वायर माझ्या हातात लोंबत होती आणि तरी ओ आली. कारण माहीत असूनही मी पुन्हा एकदा हाक मारली.

"अहो, कोण उत्तर देतंय?"

"एका नंबरावर दोन मशीन आहेत. दुसरं शोधतो."

शोधायचं काय, वहिनी? दादाचं मशीन मीच जुन्या नकाशांच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. रजिस्टरात 'बाद' लिहिलं, म्हणून साहेबांनी त्याचा नंबर मोकळा समजून तिला दिला. पण मी ते बंद केलंच नव्हतं. तेरा महिने रोज सकाळी चहाच्या आधी मी त्या नंबराला हाक मारत आलो. ओ आली की कामाला लागायचो. वेडेपणा आहे, कळतं मला. त्यापायी चार दिवस त्या पोरीला नुसतं झुलवलं.

आता दादा गेला त्या दुपारचं. नेटवर्क अडलं की दादा फोन करून वर बोलवायचा, आणि मी जिने चढण्याऐवजी खालूनच त्याच्या मशीनला हाक मारून बघायचो. ओ आली म्हणजे सगळं आलबेल. त्याही दिवशी फोन आला. मशीननं ओ दिली. मी तक्रारीपुढे 'निकाली' लिहिलं आणि डबा उघडला. वरचा मजला जेवायला खाली आलेला, तो एकटाच होता. पाऊण तासानं आरडाओरडा झाला.

तुम्ही सगळ्यांना सांगता, धाकटा धावत गेला, ह्यांनी भावाच्या मांडीवर जीव सोडला. वहिनी, मी पोचलो तेव्हा दादा गार झाला होता. तुमचं ते बोलणं ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, तरी मी गप्प बसलो.

काल संध्याकाळी ते मशीन बंद केलं. मुलीचं काम आता सुरळीत चाललंय.

तो शेवटचं माझ्याशी बोलला. "जरा वर ये रे. येताना पाणी आण." एवढंच. पाण्याचंही मला नीट ऐकू आलं होतं.

रविवारी येतो. आत घ्यायचं की दारातूनच परत पाठवायचं, ते तुम्ही ठरवा.

तुमचा धाकटा दीर,
ज्यानं वर जायचा कंटाळा केला