कळणाची भाकर पत्रात आली नाही

माय, कॉलनीतल्या मुलींचं ऐकून मी तुला आई म्हणायला लागले, तेव्हा पहिले काही दिवस तू ओ द्यायचीच नाहीस. आज जुन्याच हाकेने लिहिते आहे.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये तू चुलीशी बसून सटाण्याच्या मावशीला पत्र सांगायचीस आणि मी, चौथीतली शहाणी, पाटावर पोस्टकार्ड ठेवून लिहायचे. तू सांगतेस, "लिख, तुना हातनी कळणानी भाकर खावानं मन व्हस." ज्वारी-उडदाच्या पिठाची ती भाकर गाळून मी लिहिते, येथे जेवणखाण उत्तम आहे. एकदा वाचून दाखवलं तर तू म्हणालीस, "मी बोलस तसंच लिख ना." मी फणकारले, "असलं गावंढळ पत्रात लिहीत नाहीत, बाई हसतील." बाई कशाला वाचणार होत्या तुझं पत्र? पण तू मान डोलावलीस. "तू शाळामा जास, तुले समजस." तुला अक्षर येत नव्हतं. मग मी सोपी युक्ती काढली. कार्डावर माझं लिहायचे आणि वाचताना तुझंच तुला ऐकवायचे. तू खूश व्हायचीस.

गेल्या महिन्यात मावशीच्या सुनेने जपून ठेवलेला तो गठ्ठा आणून दिला. मी अधाशासारखी वाचत बसले. तुझा आवाज आता नीट आठवत नाही, तो यात सापडेल असं वाटलं होतं. सगळी कार्डं वळणदार, शुद्ध, आणि तुझा एक शब्द नाही. जन्मभर वर्गात मराठी शिकवली. नात विचारते, पणजी कशी बोलायची, तर दोन वाक्यांपुढे माझी गाडी जात नाही. हे पत्रही तुझ्या बोलीत सुरू केलं होतं, दुसऱ्या ओळीला अडले आणि कागद बदलला. कुठे टाकणार आहे म्हणा? वह्यांच्या कपाटात राहील.

मावशी एकदा आली होती, आठवतं? येताना बिस्किटांचे पुडे घेऊन आली. पिशवी रिकामी झाली तरी तू आत हात घालून पाहिलंस. ती म्हणाली, "पत्रं कोन लिखस? हाई मनी बहीणनं बोलनं नही." ती अंघोळीला गेल्यावर तू मला हळूच विचारलंस, "भाकरनं लिखेल व्हतं ना?" मी हो म्हणाले.

लिहिलं नव्हतं, माय.