सार साहेबांचा मालकी हक्क

काओलाक,
सोमवार

तीर्थरूप अन्सुमाना मामांना, गुडघे टेकून आणि नजर खाली ठेवून न्यीमाचा नमस्कार.

कासुमाय. (यावर तुम्ही ‘कासुमाय केप’, म्हणजे शांतताच आहे, असं म्हणायचं, मग मी मामीची खुशाली विचारायची, मग तुम्ही माझी. पण पत्रात तुमचं उत्तर पोचेपर्यंत इकडे माझी खुशाली बदलून जाते, म्हणून तुमची उत्तरंही मीच मनात म्हणते आहे. घरी सगळी शांतता आहे असं धरलं आहे. नसेल तर कळवावं.) तुमचा गुडघा कसा आहे? सायकल अजून चालवता का? चालवत असाल तर गुडघ्याची चौकशी मागे घेते. मामीचं पामतेल यंदा किती लाल उतरलं? खाचरात पाणी वेळेवर आलं का? शेजारच्या गाईंना कुंपण कळू लागलं का? सगळ्यांना ‘हो’ असं उत्तर मी इथे बसून देऊन टाकलं आहे.

माझं म्हणाल तर ठीक आहे. इकडे सेनेगलात, काओलाकमध्ये उकडतं, पण ते सगळ्यांनाच उकडतं. घरमालकीण सोखनाबाई फार चांगल्या आहेत. सकाळी विचारतात, “झोप झाली का, मॅडम?” मी म्हणते, झाली. संध्याकाळी विचारतात, “दिवस गेला का, मॅडम?” मी म्हणते, गेला. शेजारचेही असेच चांगले. इथे आल्यापासून मला कुणी एकदाही खादाड म्हटलेलं नाही, आणि मामा, खरं सांगते, त्यामुळे भूकच लागत नाही.

आता मुख्य बातमी. सीमेवरच्या आठवडी बाजारांचा करार झाला. सेनेगल आणि गाम्बिया या दोन्ही देशांतल्या बायकांना आता टोपलीटोपलीला चौकीवर थांबून वर्दी द्यावी लागणार नाही. मामीला तेल घेऊन उन्हात उभं राहावं लागणार नाही. दोन्ही राजधान्यांमधून अभिनंदनाच्या तारा आल्या, त्यांत ‘संबंध दृढ झाले’ असे शब्द आहेत. करार करणाऱ्या समितीत गाम्बियाकडून सहायक सचिव म्हणून मी होते, तेव्हा हे श्रेय थोडं माझंही आहे. आणि संबंध जवळजवळ तुटले होते, ते श्रेय संपूर्ण माझं आहे. ते कसं झालं ते दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर येण्याआधी मीच लिहिते.

आमच्या प्रमुख तुराय मॅडम. त्यांनी पहिल्या बैठकीआधी मला बजावलं होतं, “न्यीमा, पलीकडची माणसं फ्रेंच शिस्तीत वाढली आहेत. जे बोललं जाईल ते सगळं लिहायचं. आणि तोंडातून एक वावगा शब्द नाही.” मी दोन्ही गोष्टी तंतोतंत पाळल्या. तिथेच घोटाळा झाला.

पलीकडच्या पक्षाचे प्रमुख म्हणजे लातिर सार, जातीचे सेरेर, केस पांढरे, चष्मा दोरीला लटकलेला. ओळखीच्या वेळी माझं आडनाव ऐकताच त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि भर बैठकीत म्हणाले, “जार्जू? म्हणजे जोला? अरे, ही तर माझी गुलाम. इतकी वर्षं कुठे पळून गेली होतीस गं? हिला भाताच्या पातेल्यापासून लांब बसवा, नाहीतर दोन्ही देशांना उपाशी राहावं लागेल.”

यावर काय म्हणायचं ते तुम्ही मला वाचायला शिकवण्याच्याही आधी शिकवलं होतं. एका होडीतून निघालेल्या दोन बहिणी, होडी मधोमध फुटली, एकीची लेकरं सेरेर झाली आणि दुसरीची जोला. म्हणून सेरेर दिसला की त्याला गुलाम म्हणायचं, त्याने आपल्याला म्हणायचं, आणि जो रागावेल किंवा गप्प बसेल त्याने नातं तोडलं असं समजायचं. मला सगळं पाठ होतं. ‘तुमच्या आजोबांना आम्ही एका कणसाला विकत घेतलं होतं, ते कणीसही परत मागणार आहोत’ हे वाक्य तर जिभेवरच होतं. पण समोर तुराय मॅडम होत्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, “आदरणीय महोदय, आपल्या विधानाची नोंद घेतली आहे.” आणि खरोखरच घेतली.

(इतिवृत्तातला मजकूर असा: ‘सेनेगल पक्षाच्या प्रमुखांनी गाम्बिया पक्षाच्या सहायक सचिव कु. जार्जू यांच्यावर पिढीजात मालकी हक्क सांगितला, तसेच गाम्बिया पक्षाच्या अन्नसेवनाबाबत चिंता व्यक्त केली. कु. जार्जू यांनी नोंद घेतली.’ यात एकही शब्द खोटा नाही. मी दोनदा तपासलं.)

तुराय मॅडमनी माझ्यावर विश्वास टाकून न वाचता सही केली. भाषांतरकार माझ्याहून काटेकोर निघाला. कागद दोन्ही राजधान्यांत पोचले. तिथे ते कुणी वाचले ठाऊक नाही, पण वाचणारी दोघंही बहुधा माझ्यासारखीच काटेकोर असावीत. आमच्याकडून विचारणा आली, की सदर मालकी हक्काला आधार काय, आणि तो स्वातंत्र्यापूर्वीचा की नंतरचा. त्यांच्याकडून आली, की पाहुण्या पक्षाच्या जेवणात काही उणीव राहते आहे का. खुलासा येईपर्यंत करार थांबवला. मी खुलासा लिहिला. त्यात होडी घातली, बहिणी घातल्या. त्यावर परत पत्र आलं: अपघातग्रस्त होडी कोणत्या देशात नोंदलेली होती? तोवर पुढच्या बैठकीला माझ्यासमोर एक अख्खं पातेलं भात आणून ठेवला होता, आणि सगळे अधिकारी मी खाते की नाही ते गंभीरपणे पाहत होते. मी खाल्ला. न खाणं हा पुन्हा नोंद करण्याचा विषय झाला असता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. सार साहेबांचं तेवढं गेलं नाही. त्यांनी पहिल्या दिवशी माझं उत्तर ऐकून मान जरा कलती केली होती, जणू ऐकण्यात चूक झाली असावी. दुसऱ्या दिवशी जिन्यात पुन्हा म्हणाले, “काय गं, मालकाला पाणी कोण देणार?” मी पाणी आणून दिलं, ग्लासाखाली बशी ठेवून. नंतर एकदा म्हणाले, “तुझ्या गावात अजून माकडंच तलाठी आहेत का?” मी म्हणाले, नाही, साहेब. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. आता ते मला पाहिलं की छातीवर हात ठेवून म्हणतात, “नमस्कार, मॅडम. घरचे बरे आहेत ना?” इतकं सभ्य माझ्याशी कुणीच वागत नाही. मामा, या सबंध शहरात एकच माणूस मला आपली समजून चालला होता, आणि मी त्याची नोंद घेतली.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. वाटेत कणसाचं वाक्य घोकत होते. (एक म्हातारी माझ्याकडे बघून बाजूला सरकली.) दार त्यांनीच उघडलं. घरातली सगळी माणसं अंगणात एकाच परातीभोवती बसली होती, मुलं एकमेकांचे मासे पळवत होती. वाटलं, आता त्या गर्दीत गुडघा घालावा आणि कोपऱ्यातला भात ओढावा. पण सार साहेबांनी खुर्ची मागवली. टेबल मागवलं. त्यावर माझ्यासाठी वेगळं ताट आलं, काट्या-चमच्यासकट, आणि परातीतला सर्वांत मोठा मासा. मुलं मासे पळवायची थांबली आणि माझ्याकडे पाहत राहिली. घोकलेलं कणसाचं वाक्य तसंच राहिलं. मी म्हणाले, “जेवण उत्तम झालं आहे.” त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “आपली कृपा.” एवढं बोलून मी घरी आले.

शेवटी दोन्ही राजधान्यांनी मार्ग काढला. एक परिपत्रक निघालं: संयुक्त बैठकीत वंश, भात व मालकी यांविषयी कोणतीही विधाने करू नयेत. मसुदा मीच करायचा होता. वाचूनही मीच दाखवला. सार साहेबांनी चष्मा उतरवला, दोरीवर सोडला आणि म्हणाले, “मान्य आहे, मॅडम.” मग सह्या झाल्या. फोटोत आम्ही शेजारी उभे आहोत, मध्ये दोन्ही देशांचे झेंडे.

तर आता कामाचं. कराराचं उद्घाटन आपल्या गावच्या बाजारात आहे. दोन्ही पक्ष येतील. तुम्ही पांढरा झगा घालून पुढच्या रांगेत बसावं आणि कृपा करून काही बोलू नये. आग्रह झालाच तर सोबतच्या चिठ्ठीवरचं एकच वाक्य वाचावं: ‘पाहुण्यांच्या आगमनाने आम्ही कृतार्थ झालो.’ मामीलाही तसंच सांगावं. तिला विशेष सांगावं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना एकेक टपली.

तुमचीच भाची,
न्यीमा जार्जू,
सहायक सचिव

ता. क. मामीने पाठवलेला सुका मासा पोचला. सोखनाबाईंना वासाचा त्रास झाला असावा, पण त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ता. क. सोबतची चिठ्ठी फाडून टाका. परिपत्रकात ‘संयुक्त बैठकीत’ असे शब्द आहेत. बाजार ही बैठक नव्हे. (ती जागा मी मुद्दाम मोकळी सोडली का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन.) सार साहेब गाडीतून उतरले की सगळ्या बाजारासमोर त्यांना गुलाम म्हणा. कणसाचं काढा, त्यांच्या चष्म्याच्या दोरीचं काढा, पळून गेलेला बैल दोरीसकट परत आला म्हणा. ते परत काही म्हणतील, तर आणखी म्हणा. मामीला मोकळं सोडा. ते हसले तर मला कळेल. मी मागेच उभी असेन आणि काही लिहून घेणार नाही.

ता. क. हे लिहावं की नाही यावर बराच विचार केला. तुमचं गेलं पत्र ‘माननीय सचिव मॅडम’ असं सुरू झालं होतं. आत हवा-पाण्याचं होतं, आशीर्वाद होता आणि शेवटी सही. लहानपणी मी तुमच्या कोंबड्या पळवून खाल्ल्या त्याचं नेहमीचं एक अक्षर नव्हतं, माझ्या पोटाचं नव्हतं, नाकाचं नव्हतं. मला नोकरी लागली म्हणून तुम्ही मान दिलात, ते समजलं. तो परत घ्या. सार साहेबांचं आटोपलं की माझ्याकडे वळा, तिथेच, सगळ्यांसमोर. तुराय मॅडम असल्या तरी चालेल. मी उत्तर देईन.