माझ्या खुर्चीत समोरच्या बाई

अहो,

नमस्कार. 'सप्रेम' मुद्दाम गाळलं आहे.

मंगळवार, बारा तारीख, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. तक्रारीत आधी वेळ लिहावी, असं कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलंय. तुम्ही व्हिडिओ कॉल लावलात आणि मागे खिडकीपाशी, माझ्या खुर्चीत, समोरच्या फ्लॅटमधल्या बाई माझ्या कपातून चहा पीत होत्या. मी विचारलं, तर म्हणालात, "अगं, रिकामीच तर असते खुर्ची." आणि त्या चक्क हसल्या!

मी मजेत आहे. व्हॅनमध्ये राहायला येऊन सहा महिने झाले. ओटा वीतभर आहे, पण नळाला पाणी येतं. गुडघा फारसा दुखत नाही. तुमच्या बीपीच्या गोळ्या आणल्यात का?

रिकाम्या जागेचं मला सांगू नका. ड्रायव्हरशेजारची सीट मी तुमच्यासाठी फिरती करून घेतली. "म्हातारपणी पत्र्याच्या डब्यात कोण राहणार?" म्हणून तुम्ही आलाच नाहीत. तेव्हापासून तिथे तुमची उशी आहे, बेल्ट लावून. शेजारच्या व्हॅनमधले रिटायर्ड प्लंबर रोज विचारतात, "बसू का जरा?" मी रोज उशीकडे बोट दाखवते.

तर ती खुर्ची कुणाची, ते लेखी कळवा. फोनवर तुम्ही गोड बोलता. तीस तारखेपर्यंत मी याच तळावर आहे, पत्ता मागे लिहिलाय. उत्तर आलं नाही, तर एकतीसला सकाळी उशी उचलीन.

तीस तारखेपर्यंत तुमचीच,
मी