लोणी नसलेली बिस्किटं

सांगली
ता. २० ऑक्टोबर १९७४

चि. सौ. चंदनबाला हिस,
आक्काचे आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

वि. वि. तू मिलिटरीतल्या लालासाहेबांशी जातीबाहेर लग्न केल्यापासून हे माझं पहिलंच पत्र. कारणं देत बसत नाही. घरात तुझं नाव काढायचं नाही असं आईनं सांगितलं आणि आम्ही ते ऐकलं. इकडे सर्व ठीक. आपल्या जयपालच्या शेतातल्या हळदीला यंदा भाव बरा आहे. माझी शाळेतली नोकरी चालू आहे. आईचे गुडघे दुखतात, पण देवळात जाणं चुकत नाही.

गेल्या आठवड्यात तुझा दीर कृष्णात गावी जाताना तुझा बिस्किटांचा डबा देऊन गेला. कुणाची ते न सांगता मी दोन बिस्किटं आईच्या चहाबरोबर ठेवली. मुद्दामच. तिनं खाल्ली, "कुठली गं? छान खुसखुशीत आहेत," म्हणाली. मग मी सांगितलं. "मिलिटरीतलं लोणी असणार," एवढंच बोलून तिनं चूळ भरली आणि संध्याकाळी जेवली नाही. ऐन चातुर्मासात तिच्या पोटात लोणी गेलं आणि तेही माझ्या हातून. मला तुझा रागच आला. जैनाच्या घरी तूप चालतं, लोणी चालत नाही, एवढं तरी तुझ्या लक्षात राहायला हवं होतं.

परवा कृष्णात परत जाताना निरोप विचारायला आला. आईनं त्याच्याकडे न बघताच विचारलं, "त्यात काय घालते ती?"

"आवं, वैनी लोणी घरात येऊच देत न्हाईत. कँटीनमधनं मार्गारीन का काय त्येचा डबा आणत्यात, तेलाचं असतंय म्हणं. लालादादा लय कुरकुरतोय, पण वैनी ऐकत्यात व्हय?"

आई भिंतीला धरून खाली बसली.

दिवाळीची बिस्किटं भाजून आणायची होतीच. एरवी पीठ, साखर, डालडा घेऊन भट्टीवर मी एकटी जाते. काल आई गुडघे दुखत असतानाही निघाली. तुझं एक बिस्किट पुढे करून भट्टीवाल्याला म्हणाली, "अगदी अशी करून दे." डालड्याची केली, तर हातात घेताच भुगा. साजूक तुपातली पत्र्यावर पसरून पापड झाली. आई म्हणे, परत कर. आज पुन्हा गेलो. शेवटी तो वैतागला.

"आजी, हे माझ्याच्यानं हुयाचं न्हाई. जिनं केल्यात तिलाच घिऊन या की."

येताना आई रस्त्यात थांबली. म्हणाली, "पत्र टाक."

"काय लिहू?"

"भट्टीवाला बोलावतोय म्हणून लिही."

तसं लिहिलं आहे. लालासाहेबांबद्दल ती काही बोलली नाही, पण नकोही म्हणाली नाही. तेव्हा दोघंही या. मला तुझी फार आठवण येते, हे मात्र मी माझं म्हणून लिहिते.

आई तिकीट लावलेलं पाकीट हातात धरून समोर बसली आहे. अजून किती लिहितेस म्हणून विचारते आहे. थांबते.

तुझी,
आक्का