दादा वर गेला, मी खालीच आहे

तीर्थस्वरूप अक्का हिस,

बारक्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? परवा तू आमचा जिना ज्या वेगाने उतरलीस, त्यावरून ठीक असावेत. इकडे सगळे खुशाल आहेत, दादासुद्धा. (हे मुद्दाम लिहिलं आहे.)

घडलं ते असं. दादाचा उजवा डोळा कधीच गेला, आणि डाव्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. डॉक्टरीणबाई ‘बघू’ एवढंच म्हणतात. (डोळ्यांच्या डॉक्टरने ‘बघू’ म्हणावं, हे दादाला अजिबात आवडलेलं नाही.) म्हणून त्याने हट्ट धरला की त्याआधी आपल्या शहरातला तो उंच मनोरा बघायचाच. तिथल्या लिफ्टच्या दुरुस्तीत त्याची सव्वीस वर्षं गेली, पण वरच्या सज्ज्यावर तो कधी उभा राहिला नव्हता. माणूस कायम लिफ्टच्या खड्ड्यात. परगावच्या पाहुण्यांसारखे आम्ही गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवून रांगेत उभे राहिलो. लिफ्ट आली तेव्हा दादाने दाराला कान लावला आणि डावीकडचा रूळ कोरडा पडलाय, असं मोठ्याने जाहीर केलं, त्यामुळे आमच्या मागच्या चौघांनी जिना पत्करला. मला उंचीवर भोवळ येते (स्टुलावरसुद्धा येते), म्हणून मी खाली बाकावर बसलो आणि वहिनी काळजीत असेल म्हणून घरच्या ग्रुपवर निरोप टाकला: ‘दादा वर गेला. मी खालीच आहे.’

छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाचं हे वाक्य. त्यात ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नाही, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल. वहिनीला आमचा बेत ठाऊक होता, तिला बरोबर कळलं. पण आईच्या शिलाई मशीनवरून तुझं नि दादाचं फाटलं त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून तू ग्रुपवर चकार शब्द लिहिलेला नाहीस. तू तो वाचतेस हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? तू टॅक्सी करून आलीस, वहिनीच्या गळ्यात पडून रडलीस, आणि ती बिचारी तुला नेमकं काय झालं ते विचारत राहिली. तेवढ्यात आम्ही दोघे दारात. दादाला आपादमस्तक न्याहाळून तू ‘मेला नाहीस होय’ म्हणालीस आणि पाणीही न घेता निघून गेलीस. तुझा राग रास्त आहे. मी कान धरतो.

आता तुला माहीत नाही ते सांगतो. वर एक दुर्बीण आहे. लोक तिच्यातून नदी बघतात, पूल बघतात. दादाने ती फिरवून फिरवून तुझी गच्ची शोधली (निळ्या टाकीवरून, ती त्यानेच रंगवली होती ना). तू कपडे वाळत घालत होतीस. मग फोन काढून निरोप वाचलास आणि ओल्या चादरीसकट खाली बसलीस, आणि त्याच चादरीत तोंड खुपसून रडलीस. तुझ्या घरी कोण गेलं, म्हणून दादा धापा टाकत खाली आला. मी त्याला फोन दाखवला. तो माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला, “माझ्यासाठी रडत होती रे ती.” अक्का, मला फार वाईट वाटलं, आणि तितकंच बरंही वाटलं.

मशीनला तो दर महिन्याला तेल देतो. शिवत कुणीच नाही.

मोठ्या मनाने घे, आणि गुडघ्यांना जप.

तुझा, कायम खालीच राहिलेला भाऊ,
बारक्या

ता. क. बुधवारी सकाळी अकराला दादा पुन्हा वर जाणार आहे. (मनोऱ्यावर.) तेव्हा गच्चीत ये. काही बोलायला नको, हात हलवायला नको, फक्त तोंड मनोऱ्याकडे करून उभी राहा. पुढे त्याला दिसेल, न दिसेल.

आणखी एक. तो निरोप पाठवण्याआधी मी तीनदा वाचला होता. सवय सुटत नाही. दुसरा अर्थ पहिल्याच वाचनात ध्यानात आला होता. हे दादाला मात्र सांगू नकोस, म्हणजे त्याच्याशी बोलायला लागलीस तरी.